वायुज्वालक, लोहारी भट्टीचा

लोखंड वा पोलाद घडाईयोग्य तापमानापर्यंत तापविण्यासाठी इंधनवायू व हवा यांचे ठराविक प्रमाणात मिश्रण करून ते भट्टीच्या कोठीत स्थिरपणे जाळणाऱ्या साधनास लोहारी भट्टीचा वायुज्वालक म्हणतात. व्यवहारात हे साधन ‘बर्नर’ या नावाने ओळखले जाते. मोठ्या कारखान्यांतील ज्वालक तयार विकत घेतले जातात; परंतु लहान कर्मशाळा, शिल्पकार-लोहार, सुऱ्या व हत्यारे घडविणारे कारागीर आणि हौशी मंडळी बाजारात मिळणारे नळजोड, पितळी जोडणी व बारीक छिद्राची टोपी यांपासून तो स्वतः तयार करतात. त्याची रचना साधी असली, तरी त्यातील मापे एकमेकांवर अवलंबून असतात. मापे चुकल्यास एकीकडे पोलाद जळून जाते व दुसरीकडे खोलीत विषारी वायू साठतो. म्हणून ज्वालक तयार करणे आणि त्याची जुळणी करणे या दोन्ही गोष्टी त्यामागील तत्त्व समजून कराव्या लागतात.

पार्श्वभूमी : परंपरागत लोहारी भट्टीत लोणारी किंवा दगडी कोळसा वापरून त्यास भात्याने हवा पुरवितात. महाराष्ट्रातील लोहार व गावोगाव फिरणारे घिसाडी यांची भट्टी याच प्रकारची असे. पुढे कातडी भात्याची जागा हाताने फिरवावयाच्या व विजेच्या पंख्याने घेतली. इंधन मात्र कोळसाच राहिले. वायू व हवा ज्वलनापूर्वी मिसळून निळी, धूररहित ज्योत मिळविण्याचे तत्त्व रोबर्ट बन्सन यांनी हायड्लबर्ग येथे १८५५ च्या सुमारास प्रयोगशाळेतील ज्वालकात उपयोगात आणले. लोहारी भट्टीचा ज्वालक हा त्याचाच अधिक दाबावर चालणारा प्रकार होय. अमेरिकेत १९७३ मध्ये शिल्पकार-लोहारांची संघटना स्थापन झाली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तघडाईचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा वस्तीत धूर न करणाऱ्या भट्टीची गरज भासू लागली. तीतून नळजोडांपासून बनविलेल्या प्रोपेन ज्वालकांचे अनेक नमुने प्रचारात आले. मायकेल पोर्टर यांचा या विषयाला वाहिलेला इंग्रजी ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

इंधन : या ज्वालकात बहुधा द्रवरूप पेट्रोलियम वायू (एलपीजी) वापरतात. परदेशात तो बव्हंशी प्रोपेन असतो. भारतात टाक्यांतून मिळणारा वायू सामान्यतः ब्यूटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असतो. प्रोपेनाचा उकळबिंदू -४२° से. आणि सामान्य ब्यूटेनाचा सु. -०·५° से. असल्याने मिश्रणात ब्यूटेन जितके अधिक, तितका थंडीत टाकीतील दाब कमी पडतो. एक किग्रॅ. प्रोपेन जळताना सु. ४६ मेगॅजूल उपयुक्त उष्णता मिळते. प्रोपेनाच्या एका घनफळास पूर्ण ज्वलनासाठी हवेची सु. २४ घनफळे लागतात व ब्यूटेनास सु. ३१ लागतात. हवेतील प्रोपेनाचे प्रमाण घनफळाने सु. २·१ ते ९·५ टक्के असेल, तरच मिश्रण पेट घेते. दोन्ही वायू हवेपेक्षा जड असून (प्रोपेन सु. दीडपट, ब्यूटेन सु. दुप्पट) गळती झाल्यास ते जमिनीलगत व खड्ड्यांत साठतात. मूळ वायूस जवळजवळ वास नसल्याने गळती ओळखू यावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते.

तत्त्व : ज्वालकांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात हवा पंख्याने ढकलली जाते. दुसऱ्यात वायूचा झोतच बाहेरची हवा ओढून घेतो. त्यास स्वयंकर्षी ज्वालक म्हणता येईल. घरगुती रीत्या बनविण्यात येणारे बहुतेक ज्वालक स्वयंकर्षी असतात, कारण त्यांना विजेची गरज नसते.

स्वयंकर्षी ज्वालकात बारीक छिद्रातून दाबाखालील वायू अतिशय वेगाने बाहेर पडतो. हा झोत भोवतालच्या हवेला आपला संवेग देतो आणि तीसह मिश्रणनळीत शिरतो. झोताचा संवेग व मिश्रणाचा संवेग यांची तुलना केली असता ओढल्या जाणाऱ्या हवेचे प्रमाण मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते, असे दिसते : मिश्रणनळी व छिद्र यांच्या व्यासांचे गुणोत्तर आणि वायूची हवेच्या संदर्भातील घनता. ढोबळ नियम असा की, व्यासांच्या गुणोत्तरातून एक वजा करून येणाऱ्या संख्येस वायूच्या सापेक्ष घनतेच्या वर्गमुळाने गुणले, म्हणजे वायूच्या एका घनफळामागे ओढल्या जाणाऱ्या हवेची घनफळे मिळतात. उदा., नळीचा आतील व्यास २०·९ मिमी. व छिद्राचा व्यास १·१ मिमी. असल्यास गुणोत्तर १९ येते. त्यातून एक वजा करून प्रोपेनासाठी १·२३ ने गुणल्यास उत्तर सु. २२ येते. पूर्ण ज्वलनास २४ घनफळे लागत असल्याने हे मिश्रण किंचित वायुप्रधान ठरते. छिद्र १·० मिमी. केल्यास उत्तर सु. २४·५ येते. छिद्राच्या व्यासातील केवळ एक दशांश मिमी.च्या फरकाने ज्योतीचा स्वभाव बदलतो, तो यामुळेच. प्रत्यक्षात नळीतील घर्षण व कोठीतील विरोधी दाब यांमुळे ओढली जाणारी हवा काहीशी कमी भरते.

या नियमात वायूचा दाब येत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दाब वाढविला असता वायू व हवा दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाढतात. म्हणून नीट जुळविलेला ज्वालक दाब कमीजास्त केला तरी साधारण एकाच प्रकारची ज्योत देतो. दाबाने उष्णतेचा पुरवठा ठरतो, तर मापांनी मिश्रणाचे प्रमाण ठरते. बिघडलेली ज्योत केवळ दाब वाढवून सुधारण्याचा प्रयत्न व्यर्थ जातो, याचे कारण हेच होय.

रचना व बांधणी : लहान भट्टीसाठी सर्वसाधारणपणे २० मिमी. (पाऊण इंच) नाममात्र व्यासाच्या पोलादी नळीचा ज्वालक वापरतात. त्याचे पाच भाग असतात : (१) दाब नियामक व नळी, (२) वायूचा झोत सोडणारी टोपी किंवा प्रोथ, (३) हवा शिरण्याचे तोंड, (४) मिश्रणनळी व (५) ज्योत धरून ठेवणारे मुख.

प्रोथासाठी जोडकामाच्या विद्युत्‌ यंत्रातील तार बाहेर येण्याची तांब्याची टोपी सोयीची पडते; तिचे छिद्र सरळ व गुळगुळीत असते. ०·९ मिमी. तारेसाठी असलेल्या टोपीचे छिद्र प्रत्यक्षात सु. १·१ मिमी. असते. अशा छिद्रातून ०·३५ बार दाबास ताशी सु. १ किग्रॅ. व ०·७ बार दाबास ताशी सु. १·४ किग्रॅ. प्रोपेन बाहेर पडतो. दुसऱ्या स्थितीत सु. १८ किलोवॉट उष्णता मिळते. घरगुती शेगडीचा नियामक केवळ सु. ०·०३ बार दाब देतो. त्यावर हा ज्वालक जोडल्यास वायूचा पुरवठा पावपटीवर येतो आणि मिश्रणाचा वेग इतका मंदावतो की, ज्योत नळीत मागे शिरण्याची भीती असते. म्हणून दाब कमीजास्त करता येणारा, दाबमापक बसविलेला उच्च दाबाचा नियामक आवश्यक असतो.

हवेचे तोंड मिश्रणनळीपेक्षा रुंद असावे. एका प्रचलित रचनेत रुंद मापाचा त्रिमुखी नळजोड (टी) वापरतात : त्याच्या दोन समोरासमोरील तोंडांतून हवा शिरते, तिसऱ्या तोंडास मिश्रणनळी जोडतात आणि तिच्या बरोबर समोर, जोडाच्या पाठीस भोक पाडून प्रोथ बसवितात. दुसऱ्या रचनेत नळीच्या भिंतीला लांबट खाचा पाडून हवा घेतात. तिसऱ्या प्रकारात रुंदीकडून अरुंदीकडे उतरत जाणारा नळजोड तोंडाशी बसवून वायूची नळी त्याच्या मध्यातून आडवी नेतात. कोणत्याही रचनेत झोत व मिश्रणनळी यांचा अक्ष एकच असणे सर्वांत महत्त्वाचे असते. झोत किंचित तिरपा असला, तरी तो नळीच्या भिंतीवर आदळून संवेग गमावतो व हवा कमी ओढली जाते. अक्ष तपासण्यासाठी वायूऐवजी पाणी सोडून पाहतात; पाण्याची धार नळीच्या दुसऱ्या टोकातून मधोमध बाहेर पडली पाहिजे. त्यानंतर सर्व भाग पूर्ण वाळवितात.

मिश्रणनळीची लांबी व्यासाच्या सु. आठ ते नऊपट ठेवतात. २० मिमी. नळीसाठी ही लांबी १६ ते २० सेंमी. येते. लांबी याहून बरीच कमी असल्यास मिश्रण एकजीव होत नाही. बरीच अधिक असल्यास घर्षणाने हवा घटते. नळीची टोके कापल्यावर आतील कडेला राहणारा खरखरीतपणा कानशीने काढून टाकावा लागतो. जस्तलेपित नळी तापणाऱ्या भागात वापरू नये, कारण तापल्यावर जस्ताची वाफ होऊन तिच्या धुराने ताप व थंडी वाजणे असे विकार होतात.

मुखाचे कार्य ज्योत टिकविणे हे असते. प्रोपेन-हवा मिश्रणातील ज्योतीचा स्वाभाविक प्रसारवेग सेकंदास सु. ०·४ मी. इतकाच असतो, तर वर दिलेल्या उदाहरणात मिश्रण नळीतून सेकंदास सु. १५ मी. वेगाने येते. मोकळ्या हवेत ही ज्योत उडून विझते. मुखाकडील भाग किंचित पसरट केल्यास तेथे वेग कमी होतो व कडेला लहान भोवरे निर्माण होऊन मिश्रण सतत पेटत राहते. सु. १२ एकक लांबीला व्यासात १ एकक वाढ असा उतार यासाठी रूढ आहे. भट्टी तापल्यावर तिच्या लाल भिंतीच हे काम करतात. म्हणून पुष्कळदा उच्चतापसह अस्तरातच पसरट भोक कोरून निराळे मुख टाळतात.

भट्टीची कोठी : ज्वालक व कोठी यांचा विचार एकत्रच करावा लागतो. रूढ अनुभव असा की, २० मिमी. चा एक ज्वालक नीट अस्तर केलेली सु. ५·५ लि. घनफळाची कोठी जोडकामाच्या तापमानापर्यंत तापवू शकतो. १५ सेंमी. व्यासाची व ३० सेंमी. लांबीची दंडगोलाकार कोठी या मर्यादेत बसते. अस्तरासाठी २५ मिमी. जाडीच्या मृत्तिका तंतूंच्या पट्ट्याचे दोन थर पोलादी पिंपात बसवितात. त्यावर कलिल सिलिकेचा विद्राव फवारून तंतू घट्ट करतात आणि आतून उच्चतापसह गिलाव्याचा थर देतात. हा थर केवळ टिकाऊपणासाठी नसतो. उघडे तंतू मोकळे होऊन श्वासात जाणे धोक्याचे असते. शिवाय दीर्घकाळ तीव्र उष्णतेत राहिल्यास त्यांत क्रिस्टोबलाइट हे फुप्फुसांस घातक असे सिलिकेचे रूप तयार होते. जोडकामात वापरला जाणारा टाकणखार उघडे तंतू झपाट्याने विरघळवितो, म्हणून तळाशी अधिक उष्णतारोधी वीट वा जाड गिलावा घालतात.

ज्वालक कोठीच्या बाजूने स्पर्शरेषेत बसविल्यास ज्योत भिंतीलगत गोल फिरते व कामाच्या तुकड्यावर थेट आदळत नाही. त्याचे टोक कोठीत पुढे येऊ देत नाहीत, अन्यथा ते लाल होऊन जळते. जळालेल्या वायूंना बाहेर पडण्यास पुरेसे तोंड हवे. तोंडे विटांनी फार बंद केल्यास कोठीत विरोधी दाब वाढतो, स्वयंकर्षी ज्वालकाची हवा घटते व मिश्रण वायुप्रधान बनते. भट्टीचे दार लावताच ज्योत बदलते, ती याच कारणाने.

जुळणी : ज्वालकाची जुळणी थंड भट्टीत करून चालत नाही. कोठी लाल झाल्यावरच ज्योत खरा स्वभाव दाखविते. ज्योतीचे तीन प्रकार मानतात. (१) क्षपणकारक ज्योत : वायू अधिक व हवा कमी असते. आतील शंकू लांब, मऊ व हिरवट-निळा दिसतो आणि भट्टीच्या तोंडातून मोठी ज्वाला बाहेर येते. (२) तटस्थ ज्योत : आतील शंकू आखूड व स्पष्ट कडांचा, निळा असतो, भट्टीच्या तोंडाशी ज्वाला अल्प असते. (३) ऑक्सिडीकारक ज्योत : हवा अधिक असते. शंकू फारच आखूड व फिकट दिसतो आणि ज्योतीचा आवाज कर्कश होतो. अस्तरातील धुळीत सोडियम किंवा कॅल्शियम असल्यास ज्योतीस पिवळी-नारिंगी छटा येते. ती वायू अधिक असल्याची खूण समजू नये.

निश्चित परीक्षा पोलादाच्या तुकड्यावरून होते. स्वच्छ केलेला तुकडा तापवून पाहिला असता त्यावर जाड पापुद्रे झपाट्याने जमत असतील, तर हवा अधिक आहे. हे पापुद्रे म्हणजे लोखंडाची ऑक्साइडे होत. त्यांच्या रूपाने धातू वाया जातो. त्याबरोबरच पृष्ठभागातील कार्बनही जळून जातो व सुरीच्या वा छिन्नीच्या धारेस पुरेसे काठिण्य येत नाही. म्हणून लोहार किंचित क्षपणकारक ज्योत पसंत करतात. मात्र अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. धातूचे रक्षण व कारागिराचे रक्षण यांत येथे विरोध असल्याने ज्योत तटस्थतेपासून अगदी थोडी वायुप्रधान ठेवणे व खोलीत भरपूर हवा खेळती ठेवणे, हाच मार्ग उरतो.

जुळणीसाठी एका वेळी एकच बदल करतात. मिश्रण वायुप्रधान असल्यास प्रथम झोताचा अक्ष तपासावा. मग प्रोथाचे टोक मिश्रणनळीच्या तोंडापासून थोडे मागे घ्यावे. त्यासाठी टोपी एकेक मिमी. कानशीने घासून आखूड करतात. तरीही फरक न पडल्यास लहान छिद्राची टोपी बसवितात. हवा अधिक होत असल्यास हवेच्या तोंडावर सरकती पट्टी वा कडे बसवून ते अंशतः झाकतात. हवा किंचित अधिक ओढणारा ज्वालक बनवून ती अशा कड्याने आवरणे हे उलट परिस्थितीपेक्षा केव्हाही सोपे असते.

पोलादाच्या रंगावरून तापमानाचा अंदाज घेतात : गडद लाल सु. ७००° से., लालबुंद सु. ८००° से., नारिंगी सु. १,०००° से., पिवळा सु. १,१५०° से. व घडाई-जोडाचा पांढरट पिवळा सु. १,३००° से. प्रखर सूर्यप्रकाशात हे रंग फिके दिसत असल्याने भट्टी सावलीत ठेवतात.

दोष व उपाय : ज्योत मागे फिरून नळीच्या आत जळू लागणे हा गंभीर दोष होय. तेव्हा फटफट आवाज येतो व नळी तापते. दाब फार कमी असणे, मुख अतितप्त होणे किंवा प्रोथात कचरा अडकणे ही त्याची कारणे असतात. अशा वेळी वायू तत्काळ बंद करून नळी थंड होऊ देतात. ज्योत मुखापासून उचलली जात असल्यास दाब कमी करतात किंवा मुखाचा पसरटपणा वाढवितात. ज्योत लयबद्ध धडधडत असल्यास कोठीतून वायू बाहेर पडण्याची वाट अपुरी आहे किंवा वारा हवेच्या तोंडावर आदळत आहे, असे समजावे. दीर्घकाळ काम केल्यावर दाब आपोआप उतरतो तो टाकी थंड पडल्यामुळे. द्रवाचे वायूत रूपांतर होताना एका किग्रॅ. मागे सु. ३५० किलोजूल उष्णता टाकीतूनच शोषली जाते व टाकीवर दव वा हिम साचते. यावर उपाय म्हणजे मोठी टाकी वापरणे किंवा दोन टाक्या योग्य जोडणीने एकत्र लावणे. टाकीस ज्योतीने वा भट्टीच्या धगीने ऊब देणे अत्यंत धोक्याचे असते.

पंख्याचा ज्वालक : यात हवा विद्युत्‌ पंख्याने नळीत ढकलतात व वायू साध्या झडपेतून त्या प्रवाहात सोडतात. बारीक छिद्र व अचूक अक्ष यांची गरज राहत नाही. कोठीतील विरोधी दाबाचा परिणामही कमी होतो. शहरांतील नळाने येणाऱ्या कमी दाबाच्या नैसर्गिक वायूस हाच प्रकार उपयुक्त ठरतो. मात्र हवा व वायू स्वतंत्र असल्याने दाब बदलताच मिश्रण बदलते. वीज अचानक गेल्यास पंखा थांबतो, परंतु वायू येतच राहतो. त्यासाठी वीज जाताच आपोआप बंद होणारी विद्युत्‌ चुंबकीय झडप वायूच्या नळीवर बसविणे अत्यावश्यक असते.

सुरक्षितता : भट्टी उघड्यावर किंवा समोरासमोर दारे-खिडक्या असलेल्या जागी चालवावी. तळघरात किंवा बंद खोलीत ती कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडास रंग व वास नसतो आणि रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. डोके दुखणे व मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे थकवा समजून दुर्लक्षिली जातात. रबरी नळी उच्च दाबाच्या वायूसाठी प्रमाणित असावी. प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासावा. गळती ज्योतीने शोधू नये. टाकी उभी, भट्टीपासून दूर व धगीपासून आडोशाला ठेवावी आणि वायू चटकन तोडण्यासाठी हाताशी चेंडू झडप असावी.

पेटविताना प्रथम कोठीत पेटता कागद किंवा काकडा ठेवून मग वायू सोडतात व स्वतः तोंडासमोर न राहता बाजूस उभे राहतात. वायू लगेच न पेटल्यास तो बंद करून कोठीतील वायू पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावे लागते. काम संपताच टाकीची झडप प्रथम बंद करून नळीतील वायू जळू देतात. उभ्या बसविलेल्या ज्वालकात वायू बंद केल्यावर कोठीतील तप्त हवा नळीतून वर चढते व प्रोथ तापविते. म्हणून हवेची तोंडे तेव्हा झाकतात. भारतात घरगुती वापराच्या टाकीतील वायू इतर कामास वापरणे द्रवीभूत पेट्रोलियम वायू (पुरवठा व वितरण विनियमन) आदेश, २००० अन्वये निषिद्ध आहे. कर्मशाळेसाठी व्यावसायिक टाकी घ्यावी लागते.

मूल्यमापन : वायूची भट्टी काही मिनिटांत कामास तयार होते, तीत राख व गंधकाचा उपद्रव नसतो आणि तापमान दीर्घकाळ एकसारखे ठेवता येते. एकामागून एक सारख्या वस्तू घडविणे व पोलादावर उष्णतोपचार करणे यांस ती विशेष सोयीची असते. उलट, लांब सळईचा नेमका मधला भाग तापविणे किंवा अवजड व वेड्यावाकड्या आकाराची वस्तू तापविणे यांसाठी कोळशाची उघडी भट्टीच सोपी पडते, कारण वायूच्या कोठीचे तोंड वस्तूच्या आकारास मर्यादा घालते. म्हणून अनेक कर्मशाळांत दोन्ही भट्ट्या शेजारी नांदतात. घरी बनविलेल्या ज्वालकाचे खरे मोल केवळ कमी खर्चात नाही. ज्याने छिद्र, नळी व कोठी यांची मापे स्वतः जुळविली आहेत, त्याला ज्योतीच्या रंगावरून व आवाजावरून बिघाड ओळखता येतो आणि तो अपघात होण्यापूर्वी दूर करता येतो.